निर्लेखन

वस्तू : लोखंडी पेट्या. संख्या : दोन.
अवस्था : गंजलेल्या. शेरा :
वनस्पतिशास्त्राच्या जिन्याखाली
पंख्यांच्या मोडक्या पात्यांखाली सापडल्या.
मी इथला भांडारपाल. समितीनं सोमवारपर्यंत
शेऱ्याचा रकाना भरायला सांगितलाय.

पहिलीत पत्रं. डांबरगोळ्यांचा आता नुसता वास.
प्रा. कु. द्वारका तेंडोलकर, वेंगुर्ले.
नेमणूकपत्र, जून एकोणीसशे सदतीस :
पगार नव्वद रुपये. लग्न केल्यास नेमणूक
आपोआप रद्द. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ
आणि समासात एकच शब्द, वाचले.

कलकत्त्याहून संपादकाचं पत्र : "महोदय,
आपला लेख स्वीकारला आहे."
सहीत डी. तेंडोलकर एवढंच तर लिहिलं होतं बाईंनी.
उत्तराची कार्बन प्रत आहे. तीत
एका लॅटिन नावातलं एक अक्षर दुरुस्त केलंय,
महोदय राहू दिलाय.
पुढची सात वर्षं तो तसाच येत राहिला
टपालानं, दर पावसाळ्याआधी.

लेखाचा विषय :
तिवराची श्वासमुळं चिखलातून किती वर येतात
आणि भरती किती.
अकरा वर्षं, दर अमावास्येला, मोचेमाडच्या खाडीत.
मोजमाप शिंप्याच्या टेपनं.
टेप पेटीतच आहे. एकोणीस इंचांपर्यंतचे आकडे
चिखलानं खाल्लेत, पुढचे कोरे करकरीत.

होडी सगुण तारीची. भाडं दोन आणे, वहीत दर खेपेला.
एका पानावर त्याचं बोलणं, जसंच्या तसं :
"बाई, ह्यां झाड तुमच्या बुकात नाय
तर बुकात चूक आसा."
खाली लॅटिन नाव, पुढे प्रश्नचिन्ह.
मग केव्हातरी, वेगळ्या शाईत,
नाव खोडलंय. प्रश्नचिन्ह तसंच.

एक्केचाळीसच्या ऑक्टोबरात बाईंचं अक्षर थांबतं.
एकोणीस दिवस दुसऱ्याच कुणाचं :
मोठं, डावीकडे कललेलं,
ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नसलेलं.
"हुऱ्याचा चीक डोळ्यात गेला.
बाई सांगतात मी लीहीते.
आज मुळ साडेसात ईंच. बाई म्हणतात परत मोज.
परत मोजलं. साडेसातच."
नाव नाही.
विसाव्या दिवशी बाईंचं अक्षर येतं,
जरा थोरलं होऊन, ओळ सोडून चालणारं.

दुसऱ्या पेटीत अर्जाची प्रत, चव्वेचाळीस सालची :
प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून
सगुण तारीची मुलगी यमुना हिला घ्यावं.
उलट टपाली शेरा :
"स्त्रीस ओझी उचलणे झेपणार नाही."
त्याला बाईंनी टाचणीनं जोडलंय
झाडं दाबायच्या फळ्यांचं वजन, शेरांत,
भरल्या कळशीचं वजन, शेरांत,
आणि विहिरीपासून तारींच्या दारापर्यंतची पावलं,
चढण धरून दोनशे साठ.
निकाल मिळत नाही. पुढचे कागद वाळवीनं नेले.

पण तळाशी नमुन्यांचे ताव आहेत,
पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यात.
कांदळ, चिपी, मारांडी, मर्यादवेल.
पंचेचाळीसपासून पुढे
संग्राहकाच्या जागी मोठं, डावीकडे कललेलं :
य. स. तारी.
लॅटिन नाव प्रत्येक तावावर बिनचूक.
तिवराची वेलांटी मात्र शेवटपर्यंत दुसरी.

अवस्था : वाळलेली, ओळखू येणारी.
शेरा : पेटी क्रमांक दोनची किल्ली सापडत नाही.
कुलूप तोडण्यास खर्च फार.
लिहिताना ती खिशात मांडीला टोचत होती.

सोमवारी टेम्पो आला.
पंख्यांची पाती नेली, एकवीस किलो.
पावती फायलीला लावली आहे.